काउंटरच्या अलीकडे आलेलं काम : माहिती तंत्रज्ञान आणि आपण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी सकाळी मी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात टेबल टाकून बसतो. ऑनलाइन फॉर्म भरून देणं हे मूळ काम. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे फॉर्मची सवय आहे. पण फॉर्म भरता भरता लोक जे विचारतात ते पुष्कळदा फॉर्मच्या बाहेरचं असतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. भाषा बहुतेक विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

१. मुलीच्या पुस्तकात ‘उत्तर-औद्योगिक समाज’ असा शब्द आहे. म्हणजे कारखाने बंद पडलेला समाज का?

नाही. कारखाने असतात, पण बहुतेकांचं पोट त्यांच्यावर चालत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांनी १९७३ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. माणसं आधी जमिनीवर राबत, मग यंत्रावर. यापुढे बहुतेक जण सेवा देऊन आणि माहिती हाताळून कमावतील, आणि शिक्षणाला भांडवलासारखी किंमत येईल, असं त्यांचं म्हणणं.

अमेरिकेत हे टप्प्याटप्प्याने झालं. आपल्याकडे टप्पे एकमेकांवर चढले. देशाच्या उत्पन्नात सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, पण काम करणाऱ्या दर दहा माणसांतली चाराहून अधिक अजून शेतीतच आहेत. मधली कारखान्याची पायरी अरुंद राहिली. मुंबईच्या गिरणगावात ती होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहता आलं नाही. लोअर परळला त्याच आवारांत आज काचेची ऑफिसं आहेत, मध्येच एखादी गिरणीची चिमणी उभी दिसते. पुणे जिल्ह्यात आजोबा शेतात, वडील भोसरीच्या वर्कशॉपात आणि नात हिंजवडीला अशी घरं पुष्कळ सापडतील. मुलीने परीक्षेत बेल लिहावा, पण समजून घ्यायला असं एक घर डोळ्यांसमोर आणावं.

२. संगणकाने नोकऱ्या दिल्या की खाल्ल्या? एका वाक्यात सांगा.

काहींना दिल्या, काहींच्या घेतल्या आणि उरलेलं काम तुमच्या गळ्यात घातलं.

वाक्य संपलं, आता थोडं जास्त. मी १९८७ ला बँकेत कारकून म्हणून लागलो तेव्हा लेजर, म्हणजे खातेवही, इतकी जड होती की शिपाई ती दोन्ही हातांनी उचलायचा. संध्याकाळी डे-बुक, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची वही, टॅली होईपर्यंत घरी जाता येत नसे. सात पैशांचा फरक शोधत रात्रीचे दहा वाजलेले मी पाहिलेत. युनियनने संगणकाला विरोध केला. मी लागण्याआधी, १९८३ ला, बँकांशी करार झाला तोही किती यंत्रं, कुठे आणि कोणत्या अटींवर, हे ठरवूनच. नंतरही आम्ही घोषणा दिल्या, मीही दिल्या. आमची नोकरी गेली नाही, पण आम्ही निवृत्त झाल्यावर आमच्या जागा तेवढ्या भरल्या गेल्या नाहीत. ज्यांची नोकरी अशी जाते त्यांना मोर्चा काढता येत नाही, कारण ते अजून शाळेत असतात.

दुसऱ्या बाजूला आयटी उद्योगात आज पन्नास लाखांहून अधिक लोक आहेत. पुण्याला १९९० च्या सुमारास देशातल्या पहिल्या सॉफ्टवेअर पार्कांपैकी एक मिळालं, त्याचा फायदा शहराला झालाच. आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला गोदरेजचे टाइपरायटर बनत, ते उत्पादन २००९ मध्ये थांबलं. दोन्ही गोष्टी एकाच महामार्गावर घडल्या म्हणा ना. तिसऱ्या वाटपाबद्दल, म्हणजे गळ्यात पडलेल्या कामाबद्दल, पुढचा प्रश्न पाहा.

३. ‘काम गळ्यात घातलं’ म्हणता. उदाहरण द्या, नाहीतर हे भाषण झालं.

ई-पीक पाहणी घ्या. सातबाऱ्यावर पिकाची नोंद पूर्वी तलाठी करायचा. बांधावर न जाता चावडीत बसूनही करायचा, हे मान्य. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती नोंद शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची ठरली: आपल्या जमिनीच्या गटात उभं राहायचं, लोकेशन चालू करायचं, पिकाचा फोटो काढायचा. नोंद राहिली तर पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी सगळीकडे अडतं.

गेल्या खरिपात एका काकांबरोबर त्यांच्या सोयाबीनच्या रानात गेलो. फोन भाच्याचा. रेंज फक्त चिंचेखाली आणि ॲप म्हणतंय की तुम्ही गटाच्या बाहेर आहात. काका बांधाच्या चांगले आत उभे होते. दहा मिनिटांनी त्यांनीच हळूच सांगितलं की तो बांध चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी सरकवला होता. ॲपला खरा नकाशा ठाऊक होता! आम्ही चार पावलं मागे आलो आणि फोटो बसला.

गंमत सोडा. तलाठ्याला या कामाचा पगार मिळत होता. काकांचा अर्धा दिवस गेला, भाच्याचा रोज बुडाला, हे कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. मुदत संपल्यावर राहिलेल्या नोंदी करायला सहायक नेमलेला असतो. त्याचं नाव चावडीवर विचारून ठेवा.

सरकारचं काम करणाऱ्यांच्याही गळ्यात असंच पडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन हँग होत, पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, आणि रजिस्टर भरायचं ते भरायचंच. बाळाचं एकच वजन दोनदा लिहा. त्या बाया तंत्रज्ञानाला घाबरल्या असं तेव्हा काहींनी म्हटलं, पण ॲप मराठीत द्या आणि फोन चालता द्या, एवढी साधी त्यांची मागणी होती.

४. तुम्ही नेहमी रडगाणंच गाता. फायदा काहीच नाही का?

भरपूर आहे. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरी निघतो, त्यासाठी पूर्वी किती चकरा आणि किती चहा लागायचे ते जुन्या माणसांना विचारा. माझ्याच धंद्यातलं सांगतो. बचत खात्यावर पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळायचं, म्हणून ‘दहाच्या आत भरा’ असं आम्ही प्रत्येकाला बजावायचो. अकराव्या दिवशी भरलेल्या पैशाचं त्या महिन्याचं व्याज बुडालं. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज लागू झालं. हाताने ते हिशेब करणं अशक्य होतं. गरीब खातेदाराला यंत्राने दिलेला हा रोख फायदा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

यूपीआयचंही तेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींच्या वर व्यवहार झाले. आमच्या बाजारातली मेथीवाली मावशी सुट्ट्यांवरून भांडायची, ती आता स्पीकरचा आवाज ऐकून पुढची जुडी बांधते.

५. रेशन दुकानात माझ्या आईचा अंगठा उमटत नाही. धान्य नाकारलं तर काय करायचं?

पहिलं, यंत्रावर काय संदेश येतो तो वाचा. ‘सर्व्हर’ किंवा ‘नेटवर्क’ आलं तर दोष आईच्या बोटाचा नाही, थोड्या वेळाने पुन्हा करायचं. अंगठा ‘जुळत नाही’ आलं तर दुसरी बोटं लावून पाहा. तेही नाही जमलं तर कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. डोळ्याची बुबुळं आणि ओटीपी हेही मार्ग आहेत. अंगठा जुळला नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. दुकानदाराने हात वर केले तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सवडीने आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्या.

धुणीभांडी, विडी, वीटभट्टी, ऊसतोड ही कामं केलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत. ठशाचं यंत्र ऑफिसात बसणाऱ्या बोटांवर चांगलं चालतं, आणि ऑफिसात बसणाऱ्याला रेशन लागत नाही.

६. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपी मागतात. नवरा नांदवत नाही, वडील गेले. मी ओटीपी कुणाचा आणू?

२०२५ च्या सप्टेंबरात ही ई-केवायसी सुरू झाली तेव्हा माझ्या टेबलावर सर्वांत जास्त रडणं याच प्रश्नावर झालं. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात प्रत्येक बाईमागे एक पुरुष आणि त्याच्या खिशात आधारला जोडलेला चालू मोबाईल होता. नंतर विधवा आणि घटस्फोटित बहिणींसाठी वाट काढली गेली: मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कोर्टाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा.

पण विचारणारी बाई टाकलेली आहे. टाकल्याचा दाखला कुठलंच कार्यालय देत नाही. वडिलांच्या मृत्यूचा दाखला हातात असेल तर त्या बाजूने जाता येतं का हे सेविकेला विचारा, आणि पोटगीचा अर्ज किंवा कुठलाही कोर्टाचा कागद असेल तो जोडा. आमच्याकडच्या एका ताईंना शेवटी दीराने नवऱ्याला फोन करून ओटीपी काढून दिला. पंधराशे रुपयांच्या बदल्यात त्यांना सात वर्षांनी त्या घरात फोन करावा लागला.

फोन कुणाच्या हातात आहे यावर बरंच ठरतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका साधारण ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के होते.

७. जेवण आणून देणारा पोरगा कंपनीचा कामगार असतो की नाही?

कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगार (पक्की नोकरी नसलेला, कामागणिक पैसे घेणारा) आणि प्लॅटफॉर्म कामगार (ॲपवरून काम मिळणारा) हे शब्द कायद्यात पहिल्यांदा आले, आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यानुसार ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षा निधीत भरायची आहे. त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही वरची मर्यादा. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, नंतर कर्नाटकाने. तरी नेहमीचा कामगार म्हणून मिळणारे हक्क त्याला यातून मिळत नाहीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांना ‘वर्कर’ मानलं आणि किमान वेतन, भरपगारी सुटी त्यांना लागू झाली. आपल्याकडे तो टप्पा आलेला नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात गिग कामगार ७७ लाख धरले होते आणि २०२९–३० पर्यंत २.३५ कोटी होतील असा अंदाज होता.

प्रश्न ३ मधली गोष्ट इथेही आहे. गिरणीत मुकादम असायचा, त्याला पगार होता. इथे मुकादमी तुमच्याकडे दिली आहे. तुम्ही सोफ्यावर बसून तारे देता आणि त्यावर पोराची पुढची कामं ठरतात. मुलाकडे पुण्याला गेलो होतो, त्या सोसायटीत लिफ्टजवळ पाटी होती: ‘डिलिव्हरीसाठी जिना वापरावा.’ सातवा मजला. पोरगा धापा टाकत आला आणि पहिलं वाक्य म्हणाला, “काका, रेटिंग द्या ना.”

८. आयटीवाल्यांना कामगार कायदे लागूच नाहीत, असं एचआरने सांगितलं. खरं का?

अर्धवट. नावापुढे ‘मॅनेजर’ लावलं म्हणून कुणी व्यवस्थापक होत नाही. तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते पाहिलं जातं. तांत्रिक काम करणारा, हाताखाली कुणी नसलेला माणूस कामगार ठरू शकतो. खऱ्याखुऱ्या व्यवस्थापनात असलेल्यांना मात्र ते संरक्षण नाही. छाटणीच्या वेळी ‘स्वतःहून राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ’ असं सांगतात. सही केली की कागदावर ती छाटणी राहत नाही. त्या खोलीत लगेच सही करू नका, वेळ मागा, ईमेलवर मागा, आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सल्ला घ्या.

रात्रपाळीबद्दल बायका विचारतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची. ‘कॅब गेटपर्यंतच येईल’ ही व्यवस्था होत नाही.

९. रात्री अकराला साहेबांचा मेसेज आला तर उत्तर द्यावंच लागतं का?

फ्रान्समध्ये २०१७ पासून याबद्दल कायद्यात तरतूद आहे. आपल्याकडे नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी यावर खासगी विधेयक, म्हणजे सरकारतर्फे नव्हे तर खासदाराने स्वतः आणलेलं, दोनदा मांडलं, पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत कायदा झालेलं नाही. म्हणजे तुमच्या करारात जे लिहिलंय तेच. न्यूयॉर्कात सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तुमच्या घरच्या जेवणाची वेळ तिकडच्या घड्याळाने ठरते, हे नोकरी घेताना विचारून घ्या.

१०. आयटी पार्कमुळे आसपासच्या गावांचं तर सोनं झालं ना?

ज्याची जमीन होती त्याचं. हिंजवडी, माण, मारुंजीकडे ज्यांनी पैसा राखून खोल्या बांधल्या, हॉस्टेलं काढली, गाड्या कंपन्यांना लावल्या, त्यांची बरी चालली आहे. ज्यांनी तो लग्नांत आणि गाडीत घातला ते त्याच इमारतींत सुरक्षारक्षक आहेत. भूमिहीनांना मोबदला नव्हताच. आणि वर्षानुवर्षं ही गावं ग्रामपंचायतीच राहिली: आत एमआयडीसीचे रुंद रस्ते, बाहेर पडलं की टँकर, कचरा आणि दीड तासाची कोंडी.

११. शिकलेली माणसंही व्हॉट्सॲपच्या अफवेवर विश्वास कशी ठेवतात?

कारण ती अफवा ओळखीच्या माणसाकडून येते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती. त्याआधी तशा टोळीचे मेसेज फिरत होते. त्यानंतर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा कंपनीने आणली.

वर्तमानपत्रात बातमी छापण्याआधी उपसंपादक एकदा तरी फोन करून खात्री करायचा. ते काम आता मेसेज मिळणाऱ्याने करायचं आहे, आणि त्याला ते कुणी शिकवलेलं नाही. मी एवढंच सांगतो: मेसेजमध्ये गावाचं नाव आहे का, तारीख आहे का? नसेल तर पुढे पाठवू नका. ‘डिजिटल अरेस्ट’चे, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून फोनवरच ‘अटक’ करणारे, फोनही याच भाबडेपणावर चालतात. असा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवा, पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर कळवा.

१२. सांगलीच्या एका गावात भोंगा वाजवून मोबाईल बंद करतात म्हणे. आमच्या गावात चालेल का?

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा. करोनात शाळा फोनवर भरली आणि मग फोन हातातून सुटेना, त्यावरचा हा उपाय. सुरुवातीला गावातली माणसं घरोघरी फिरली, म्हणून तो टिकला. तुमच्याकडे चालवायचा असेल तर एकच पाहा, त्या दीड तासात वडीलमाणसं स्वतःचा फोन ठेवणार आहेत का.

१३. एआय आलंय. पोराने इंजिनिअरिंगला जावं की नको?

जावं, आवड असेल तर. पण ‘कॉलेजात कंपनी येईल, दोन वर्षं बेंचवर, म्हणजे कामाविना, बसलो तरी पगार’ हा हिशेब धरून नको. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जागा, म्हणजे साधारण २ टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त होते. वीस वर्षं माणसं सांभाळून वर चढलेल्यांची ही पाळी आहे. बाकी प्रश्न २ मधलं शाळेतल्या पोरांबद्दलचं वाक्य पुन्हा वाचा.

१४. आईचं खातं मीच बघतो, ओटीपीही माझ्याच फोनवर येतात. यात काही चूक आहे का?

मदत म्हणून ठीक, नियम म्हणून अडचणीचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे खातेदाराने स्वतः ओटीपी किंवा पिन कुणाला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं. त्यापेक्षा ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहणारा’ असं संयुक्त खातं करा आणि वारसनोंद तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात.

हे सगळं एका मुलाला समजावत होतो. शेजारी त्याची आई, पंचाहत्तरीची, मांडीवर पिशवी धरून गप्प. मुलगा झेरॉक्स काढायला बाहेर गेला तशी ती पुढे वाकली आणि म्हणाली, “भाऊ, माझ्या खात्यात किती आहेत ते मला एकटीला कसं बघता येईल?” मी तिला मिस्ड कॉलचा नंबर लिहून दिला, नोंदवलेल्या मोबाईलवर शिलकीचा मेसेज येतो. मग लक्षात आलं की नोंदवलेला मोबाईल मुलाचा. म्हणून आधी नंबर बदलण्याचा अर्ज भरला. तो तिने पिशवीत घडी करून ठेवला आणि सोमवारी स्वतः बँकेत नेऊन दिला.